द्राक्षबागेतील आच्छादन मोजताना वाळलेला थरही मोजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकांची पाहणी उपग्रहाच्या चित्रांवरून करण्याची पद्धत आता संशोधनापुरती राहिलेली नाही. पीकविमा, अनुदान, नुकसानीचे अंदाज अशा अनेक कामांत ती वापरली जाते आणि द्राक्षबागेतील जमीन वर्षभर किती झाकलेली राहते, हे पाहण्यासाठीही तिचा उपयोग होऊ लागला आहे. या उपयोगाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु जमीन झाकलेली आहे की उघडी, याचा निवाडा केवळ हिरवेपणावरून झाला, तर ज्या बागायतदाराने जमीन सर्वांत चांगली राखली आहे, त्याच्याच बागेवर ‘उघडी’ असा शिक्का बसण्याचा धोका आहे. हा धोका टाळता येण्याजोगा आहे आणि पद्धती अजून घडत असतानाच त्याकडे लक्ष वेधणे योग्य, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

द्राक्षबागेची रचनाच अशी असते की तिच्यातील बरीचशी जमीन वेलीच्या बुंध्यापासून दूर, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात असते. ओळींमधील अंतर बहुधा दोन ते तीन मीटर असते आणि त्या पट्ट्यातून फवारणीसाठी, छाटणीसाठी, काढणीसाठी ट्रॅक्टर व माणसे वारंवार जातात. तण नको म्हणून हा पट्टा नांगरून किंवा तणनाशक मारून साफ ठेवण्याची रीत जगभर दीर्घकाळ चालत आली आहे. अशा साफ जमिनीवर पावसाचा थेंब थेट आदळतो, मातीचे कण सुटे होतात, बारीक कण छिद्रांत बसून वर पापुद्रा धरतो आणि मग पाणी मुरण्याऐवजी चाकांनी दाबलेल्या चाकोऱ्यांतून उताराकडे धावू लागते. बाग उतारावर असेल आणि ओळी वरून खाली अशा असतील, तर प्रत्येक चाकोरी हा एक छोटा ओहोळच होतो. युरोपातील शेतजमिनींच्या अभ्यासांत द्राक्षबागांची गणना सर्वाधिक धूप होणाऱ्या जमिनींत पुन्हा पुन्हा झाली आहे, त्यामागे हे साधे कारण आहे.

आच्छादनाचा उपयोग इथे मोठा आहे आणि तो फार थोड्या आच्छादनापासूनच सुरू होतो. मृदाधूपेच्या सुधारित सार्वत्रिक समीकरणात पृष्ठभागावरील आच्छादनाचा परिणाम मोजण्यासाठी जो गुणांक सर्वसाधारणपणे घेतला जातो, त्यानुसार जमिनीचा ३० टक्के भाग झाकला गेला तरी उघड्या जमिनीच्या तुलनेत धूप साधारण एक-तृतीयांशावर येते, आणि ५० टक्के झाकला गेला तर ती सुमारे एक-षष्ठांश राहते. या हिशेबात आच्छादन हिरवे असावे अशी अट कोठेही नाही. वाढते गवत, कापून पसरलेले गवत, भुसा, पेंढा, छाटणीच्या काड्यांचा चुरा, यांपैकी काहीही मातीला टेकून पडलेले असले, तरी थेंबाचा मारा ते आपल्या अंगावर झेलते. माझ्या पत्रातील पुढचे सर्व म्हणणे या एका वस्तुस्थितीवर उभे आहे.

आता उपग्रह काय पाहतो ते पाहू. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण जोरात परावर्तित करते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक मिळतो. उघड्या मातीवर तो सामान्यतः ०.१ ते ०.२ च्या आसपास असतो आणि दाट, तजेलदार गवतावर ०.७ च्या वर जातो. गणित सोपे, चित्रे मोफत आणि नकाशा पाहताक्षणी समजणारा, त्यामुळे जमिनीच्या आच्छादनासाठीही हाच निर्देशांक पुढे केला जातो. पण वाळलेल्या पेंढ्यावर त्याची किंमत उघड्या मातीच्या जवळपास येते. म्हणजे एका बागेत मातीवर चार बोटे जाड पेंढ्याचा थर आहे आणि शेजारच्या बागेत कुळवलेली मोकळी माती आहे, या दोन बागा हिरवेपणाच्या नकाशावर एकाच रंगात दिसू शकतात.

हा तांत्रिक बारकावा आहे, एवढे म्हणून तो सोडून देता येणार नाही, कारण पाणी कमी असलेल्या प्रदेशांत आच्छादन मुद्दाम वाळवले जाते. तेथे पावसाळी किंवा थंड हंगामात ओळींमध्ये गवत, द्विदल पिके किंवा धान्यवर्गीय पिके वाढू देतात आणि वेलीला पाण्याची गरज वाढू लागली की ती कापून किंवा रोलरने आडवी करून जागेवरच वाळू देतात. तसे केले नाही, तर हेच आच्छादन पाणी आणि नत्र यांसाठी वेलीशी स्पर्धा करते. आडव्या केलेल्या थराखाली हात घातला, तर वरचा भाग कोरडा खडखडीत असतानाही खालची माती ओलसर आणि भुसभुशीत लागते, गांडुळांची विष्ठा दिसते आणि बारीक पांढरी मुळे थराच्या तळाशी आलेली असतात. ज्या दिवशी ही बाग हिरवेपणाच्या कसोटीवर नापास होते, त्या दिवशी तिच्यातील माती खरे तर सर्वांत सुरक्षित असते.

अर्थात उपग्रहाला वाळलेले आणि उघडे यांतील फरक मुळीच कळत नाही, असे नाही. वाळलेल्या वनस्पतीतील सेल्युलोज आणि लिग्निन सुमारे २,१०० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ प्रकाश शोषतात आणि कोरड्या मातीत त्या जागी तशी खाच सहसा दिसत नाही. अडचण अशी की युरोपच्या सेंटिनेल-२ सारख्या नेहमीच्या उपग्रहांचे लघुतरंग अवरक्त पट्टे, म्हणजे एकत्र टिपले जाणारे तरंगलांबींचे टप्पे, रुंद असतात. त्यांपैकी एकाचा मध्य १,६१० नॅनोमीटरच्या आसपास, तर दुसऱ्याचा २,१९० च्या आसपास असून ती बारीक खाच त्यांत पुसट होते. तरीही या दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरावरून वाळलेल्या आच्छादनाचा अंदाज बांधता येतो आणि हिरवा भाग, वाळलेला भाग व उघडी माती असे प्रत्येक पिक्सेलचे, म्हणजे चित्रातील एकेका चौकोनी ठिपक्याचे, तीन वाटे करण्याची पद्धतही प्रस्थापित झालेली आहे. ऑस्ट्रेलियात अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून असे तीन वाट्यांचे नकाशे विस्तीर्ण प्रदेशासाठी नियमितपणे तयार होतात. पाऊस पडून गेल्यावर माती आणि पेंढा दोन्ही ओले असतील, तर हा अंदाज बिघडतो, म्हणून चित्र कोरड्या दिवसाचे निवडावे लागते. इटलीच्या प्रिझ्मा आणि जर्मनीच्या एनमॅप या अनुक्रमे २०१९ व २०२२ मध्ये सोडलेल्या उपग्रहांवर शेकडो अरुंद पट्टे आहेत आणि ती खाच त्यांना स्पष्ट दिसते, पण त्यांचा पिक्सेल ३० मीटरचा आहे आणि ते ठरावीक जागी नियमितपणे येत नाहीत. त्यामुळे रोजच्या देखरेखीसाठी नव्हे, तर नेहमीच्या उपग्रहांचा अंदाज तपासून घेण्यासाठी त्यांचा उपयोग अधिक.

पिक्सेलच्या आकाराचा प्रश्न मात्र याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर थोडे थांबून विचार करायला हवा. सेंटिनेल-२ चा लहानात लहान पिक्सेल १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो, आणि वाळलेले आच्छादन ओळखायला लागणारे पट्टे तर २० मीटरचेच आहेत. ओळींमधील अंतर अडीच मीटर धरले, तर दहा मीटरच्या एका पिक्सेलमध्ये चार ओळी बसतात. वेली पानगळ झालेल्या अवस्थेत आहेत, बुंध्याजवळ ८० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा तणनाशकाने साफ केलेला आहे आणि उरलेल्या जागेत एकाआड एक पट्ट्यात दाट गवत राखून मधले पट्टे नांगरलेले आहेत, अशी बाग डोळ्यांपुढे आणावी. तिच्या १०० चौरस मीटरपैकी गवताखाली ३४ चौरस मीटर येतात आणि ६६ चौरस मीटर माती उघडी असते. या मिश्रणाचा एनडीव्हीआय ढोबळमानाने ०.३५ च्या आसपास येईल. आता दुसरी बाग अशी, की जिच्यात सर्वत्र विरळ गवत उगवले आहे, पट्टे नाहीत, साफ केलेली जागा नाही. तिचाही निर्देशांक ०.३५ च येऊ शकतो. नकाशावर या दोन बागा जुळ्या दिसतील, पण जोराचा पाऊस आला की त्या अगदी निराळ्या वागतील. पहिल्या बागेतील गवताचे पट्टे उताराला आडवे असतील, तर वरून आलेली माती त्यांत अडून राहील आणि तेच पट्टे उताराच्या दिशेने असतील, तर शेजारच्या नांगरलेल्या पट्ट्यातून पाणी विनाअडथळा खाली जाईल. एक सरासरी आकडा हे काहीच सांगत नाही. त्यासाठी ओळींची दिशा आणि जमिनीचा उतार यांची माहिती त्या आकड्याशेजारी ठेवावी लागते. उंचीचे नकाशे उपलब्ध आहेत आणि ओळींची दिशा जास्त स्पष्टतेच्या एखाद्याच चित्रावरून कायमची नोंदवून ठेवता येते. बागेच्या आयुष्यात ओळी सहसा फिरत नाहीत, म्हणून हे काम एकदाच करावे लागते.

लहान बागांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एका एकरावर दहा मीटरचे सुमारे ४० पिक्सेल बसतात, पण त्यांपैकी बरेच बांधावर, रस्त्यावर, शेजारच्या पिकावर अर्धवट पडलेले असतात. वेगवेगळ्या तारखांची चित्रे एकमेकांवर ठेवताना काही मीटरांचा फरक राहतो, तोही कडेच्या पिक्सेलनाच भोवतो. लांबट आणि अरुंद तुकड्यात पूर्णपणे बागेचे म्हणता येतील असे पिक्सेल अगदी मोजकेच उरतात आणि २० मीटरच्या पट्ट्यांत कधी कधी एकही उरत नाही. अशा तुकड्यांसाठी निकाल जाहीर न करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. बांधावरच्या झाडांचा हिरवेपणा बागेच्या खात्यात जमा होणे जितके चूक, तितकेच रस्त्याच्या मुरुमाचा उघडेपणा बागेच्या नावावर लिहिणेही चूक.

वेळ कोणती निवडावी हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. वेलीवर पाने असताना वरून जे हिरवे दिसते, ते वेलीचे की गवताचे हे सांगता येत नाही, म्हणून थंड हवामानातील बागांत पानगळीनंतरची आणि नवे फुटवे येण्यापूर्वीची चित्रे घेतात. त्या काळात दिसणारा हिरवेपणा जवळपास सगळा जमिनीवरचा असतो आणि पाऊसही बऱ्याच ठिकाणी त्याच काळात होतो, त्यामुळे पाहणी योग्य वेळी होते. उष्ण कटिबंधातील बागांत मात्र वेली पूर्ण सुप्तावस्थेत जात नाहीत. तेथे वर्षातून दोनदा छाटणी होते आणि प्रत्येक छाटणीनंतर नवीन फुटवे वाढून वर पुन्हा पानांचे छत होईपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, तेवढ्यातच जमीन वरून दिसते. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, पण आकाश ढगाळ असेल तर त्या खिडकीत एखादेच चित्र हाती लागते, कधी तेही नाही. शेजारशेजारच्या बागांच्या छाटणीच्या तारखा वेगळ्या असल्याने एका तारखेचे चित्र सर्वांना सारखे लागूही पडत नाही. छाटणीची तारीख बागायतदाराकडूनच घ्यावी लागेल आणि ती घेण्याची सोय नसलेली कोणतीही पद्धत उष्ण प्रदेशात चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडव पद्धतीच्या बागांत तर पानांचे छत आडवे पसरलेले असते आणि भर हंगामात खालची जमीन वरून जवळपास दिसतच नाही. गारपीट किंवा पावसापासून बचावासाठी वेलींवर जाळी वा प्लास्टिक पसरले असेल, तेव्हाही तेच. ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह आहेत, पण बागेतील खांब, तारा आणि ओळींची दिशा यांचा परिणाम रडारच्या परतणाऱ्या लहरींवर होतो आणि पातळ आच्छादनाचा ठसा त्यात दबून जातो.

याशिवाय उघडी दिसणारी जमीन नेहमी दुर्लक्षाचीच असते असेही नाही. वसंतात कडाक्याच्या थंडीने दव गोठून कोवळे फुटवे जळण्याची भीती असते, तेथे गवत उंच वाढू देत नाहीत, कारण ओलसर मोकळी माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सोडते. तेवढ्या काही आठवड्यांसाठी जमीन मोकळी ठेवणे ही पीक वाचवण्याची धडपड असते. एका दिवसाच्या चित्रावरून वर्षाचा निवाडा करू नये, याला एवढे कारण पुरे आहे.

इतक्या अडचणी सांगूनही मी या तंत्राच्या बाजूने आहे, कारण उतारावरील शेकडो बागांची जमीन पावसाच्या तोंडावर कोणत्या स्थितीत आहे, हे पायी फिरून कोणालाही वेळेत कळणार नाही. लँडसॅट मालिका १९७२ पासून चालू आहे, तिची ३० मीटरची चित्रे १९८० च्या दशकापासूनची आहेत आणि २००८ पासून ती सर्वांना मोफत मिळतात. एखाद्या पाणलोटातील बागा कोणत्या वर्षांपासून पावसाळ्यात उघड्या राहू लागल्या, खालच्या बंधाऱ्यात गाळ भरण्याचा काळ त्याच्याशी जुळतो का, हे या साठ्यातून पाहता येते. बागायतदारालाही स्वतःसाठी त्याचा उपयोग आहे. बागेच्या कोणत्या कोपऱ्यात दरवर्षी गवत तग धरत नाही, कोठे माती उथळ आहे, कोठे पाणी साचते, हे अनेक वर्षांच्या चित्रांवरून नेमके समजते. हा उपयोग मला दंड किंवा अनुदानाच्या हिशेबापेक्षा अधिक मोलाचा वाटतो आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

युरोपीय संघाने २०२३ पासून सामाईक कृषी धोरणाखालील क्षेत्र-देखरेख यंत्रणा सदस्य देशांना बंधनकारक केली असून ती सेंटिनेलच्या चित्रांवर चालते. चित्रावरून निर्णय लागत नसेल, तेथे शेतकऱ्याने स्वतः काढलेली, जागेची व वेळेची नोंद असलेली छायाचित्रे ग्राह्य धरण्याची सोय तीत आहे. जगात सर्वाधिक द्राक्षक्षेत्र असलेल्या स्पेनने तर आपल्या योजनेत बहुवार्षिक फळपिकांसाठी जिवंत आच्छादन आणि छाटणीच्या अवशेषांचे निर्जीव आच्छादन, असे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे मान्य केले आहेत. वाळलेल्या थराला नियमातच जागा दिली की तो मोजण्याची पद्धतही शोधावी लागते. अन्यत्र जे कोणी अशी देखरेख सुरू करतील, त्यांनी आधी नियमात हे दोन्ही प्रकार लिहावेत आणि मग निर्देशांक निवडावा. निर्देशांक सोपा आहे म्हणून नियम त्याच्या मापाचा करणे उलटे होईल.

जमिनीवरील पडताळणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. आच्छादन मोजण्याची एक जुनी आणि विश्वासार्ह रीत अशी आहे, की दोरीला समान अंतरावर शंभर गाठी मारायच्या, ती ओळींना तिरपी, साधारण ४५ अंशांत जमिनीवर ताणायची, आणि प्रत्येक गाठीच्या एकाच कडेला वरून सरळ पाहून तिच्याखाली हिरवे आहे, वाळलेले आहे की माती, एवढेच लिहायचे. शंभरांपैकी जितक्या गाठी वाळलेल्यावर, तितके टक्के वाळलेले आच्छादन. दोरी ओळीला समांतर ताणली तर ती एखाद्याच पट्ट्यात अडकते आणि आकडा फसवा येतो, म्हणून ती तिरपी धरायची. बागेत निरनिराळ्या तीन-चार जागी हे केले की बागेचा भरवशाचा अंदाज हाती येतो. असे आकडे पुरेशा बागांतून जमले, तर उपग्रहाच्या अंदाजात किती चूक आहे आणि ती कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात जास्त आहे, हेही समजेल.

माझी विनंती एवढीच आहे की, ज्या यंत्रणा द्राक्षबागांतील आच्छादनाचे नकाशे तयार करतील किंवा त्यांवरून निर्णय घेतील, त्यांनी प्रत्येक नकाशावर चित्राची तारीख, पिक्सेलचा आकार आणि बागेत पूर्णपणे बसणाऱ्या पिक्सेलची संख्या छापावी, हिरवे, वाळलेले आणि उघडे असे तीन आकडे वेगळे द्यावेत, आणि बागायतदाराने चित्राच्या तारखेपासून आठवड्याच्या आत केलेली दोरीची मोजणी छायाचित्रांसह नोंदीत घ्यावी. मोजणी आणि चित्र यांत मोठी तफावत निघाली, तर निर्णय होण्यापूर्वी तंत्रज्ञाने बागेत येऊन त्याच दोरीने फेरमोजणी करावी.

आपला नम्र,
मृदासंधारणाच्या कामातील एक वाचक